मोजमाप : नव्या रिव्हॉल्व्हरमधली कोणती फट चालते, कोणती नाही?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, मुरारला राहतो. वडिलांच्या पश्चात रीतसर अर्ज करून परवाना माझ्या नावावर झाला आणि मे महिन्यात मी .३२ बोरचं नवं रिव्हॉल्व्हर घेतलं. मधून मोडून उघडणारं, सहा घरांचं, म्हणजे सहा काडतुसांचं. आयुष्यात एकदाच करायचा खर्च, म्हणून घरी आल्यावर भिंग लावून पाहिलं आणि मन खट्टू झालं. मुठीचं लाकूड उजवीकडे पोलादाच्या कडेबाहेर आलंय. वरचा, हत्यार बंद धरणारा खटका सांगाड्याशी सपाट बसत नाही, नख फिरवलं की अडकतं. नळीचा काळा रंग आणि सांगाड्याचा काळा रंग एकसारखा नाही. आठवड्याभरात चरखीवर, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरणाऱ्या भागावर, गोल रेघ उमटली. आणि बंद असतानाही चरखी बोटांनी हलवली की थोडी हलते. दुकानदार म्हणाला, "साहब, इतना तो चलता है." मुलगा म्हणतो परत करा. तुम्ही मोजमाप शिकवलेलं आहे, शिवाय तुमच्या घरचा हा धंदा होता असं ऐकलं. खरंच किती चालतं?

उत्तर : बरोबर ऐकलंत. माझे वडील ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजाच्या अंगाला बंदूक दुरुस्तीचं परवान्याचं दुकान चालवत. शाळा सुटली की मी तिथे, उत्तरेच्या खिडकीजवळच्या बाकावर. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, म्हणून कामाचा पाट तिथेच. पुढे ३१ वर्षं मी आयटीआयमध्ये मुलांना व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि गेज शिकवले. तेव्हा तुमचं पत्र मी दोन्ही नात्यांनी वाचलं.

"इतना तो चलता है" हे उत्तर मला मान्य नाही, आणि "परत करा" हेही नाही. किती आणि कुठे, हे दोघांनीही विचारलेलं नाही. म्हणून मी तुम्हाला उलट पत्र पाठवून काही गोष्टी मोजायला सांगितल्या. तुम्ही त्या मन लावून मोजल्यात. आकडे खाली देते, म्हणजे इतर वाचकांनाही उपयोग होईल. हत्यार कुठल्या कारखान्याचं हे मी छापत नाही, कारण एका नगावरून कारखान्याची परीक्षा होत नसते.

सगळ्याआधी एक गोष्ट, आणि ती दर वेळी. हत्यार उघडायचं, सहाही घरं डोळ्यांनी बघायची, मग प्रत्येक घरात करंगळीचं टोक घालून पुन्हा खात्री करायची. काडतुसं त्या खोलीत नसावीत. वडील एका बैठकीत दहा वेळा हत्यार उचलायचे आणि दहाही वेळा उघडून बघायचे.

आता तुमच्या तक्रारी. लाकडाची आधी, कारण ती सर्वांत सोपी. लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण आडवं फुगतं आणि आकसतं. तुम्ही ते मे महिन्यात घेतलंत, म्हणजे ग्वाल्हेरच्या ४५ अंशांच्या कोरड्या हवेत. श्रावणात तीच मूठ पुन्हा बघा, कड वेगळी दिसेल. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची ही कड केवळ दिसण्याची बाब आहे. ती तळहाताला टोचत असेल, किंवा मूठ स्क्रू आवळूनही सरकत असेल, तर दुकानदाराकडून बसवून घ्या.

रंगाचंही तसंच. गरम काळा रंग म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागावर तयार केलेला लोखंडाचाच एक ऑक्साइड. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या सुमारे १४० अंश तापलेल्या हौदात तो चढतो. नळीचं पोलाद वेगळ्या जातीचं, सांगाड्याचं वेगळ्या, त्यांना दिलेलं पाणी (तापवून थंड करण्याची रीत) वेगळं, घासण्याची दिशा वेगळी. एकाच हौदातून काढले तरी एक निळसर दिसतो, दुसरा किंचित तांबूस. या थराची जाडी इतकी कमी की मापात काही फरक पडत नाही. गंजापासूनही तो एकटा वाचवत नाही. वाचवतं ते त्यावरचं तेल. हो, आणि रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. कमावलेल्या चामड्यात क्षार राहतात, ते ओल ओढतात. आमच्या दुकानात पावसाळ्यानंतर गंजून येणारी निम्मी हत्यारं म्यानातून यायची.

चरखीवरची गोल रेघ बहुतेक रिव्हॉल्व्हरांवर येते. खालून चरखीला अडवणारी एक छोटी खुंटी असते, ती फिरताना घासते. रेघ नुसती चकाकत असेल तर विसरून जा. खुंटी जिथे बसते त्या खाचांची कड मात्र भिंगातून बघा. कड चेपलेली, बाहेर लोळलेली दिसली तर खुंटी फार जोरात आदळते आहे. तुमच्या खाचा स्वच्छ आहेत असं तुम्ही लिहिलंय.

खटक्यावर थोडं थांबते. नखाला अडकणारी पायरी तुम्हाला खुपते, हे मी समजू शकते. नख फार हुशार असतं, मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागाची पायरीसुद्धा त्याला कळते. म्हणून तर नखावर विसंबून निर्णय घेऊ नये. खटका नि सांगाडा दोन वेगळ्या यंत्रांवर कापले गेले, दोघे आपापल्या मुभेत (मापात चुकायला दिलेल्या सवलतीत) बसले, आणि एक वर राहिला. विचारायचा प्रश्न दुसरा : खटका बंद असताना हलतो का? एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने नळीचं तोंड धरून, काठी मोडतो तसा हलका दाब वर-खाली द्या. बिजागरीत किंवा खटक्यात 'टक' असं काही जाणवता कामा नये. तुमच्याकडे जाणवलं नाही. मग पायरी राहू द्या. या पायरीवर कानस चालवायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा. खटक्याची धरणारी कड दोन घाव जास्त गेली की मग ते खरोखर हलेल.

आता चरखी आणि नळी यांच्यामधली फट. तुम्ही हिच्याबद्दल विचारलंच नव्हतं, आणि मला सर्वांत आधी तीच हवी होती. चरखीचं तोंड आणि नळीचा मागचा चेहरा यांच्यात जागा असावीच लागते. ट्यूबलाइटसमोर आडवं धरलं की ती उजेडाची बारीक रेघ म्हणून दिसते. साधारणपणे ०.१० ते ०.२० मिमी, म्हणजे जुन्या फिटरच्या भाषेत चार ते आठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ०.२५ च्या पुढे गेली की वायू आणि शिशाचे कण बाजूने उडू लागतात, शेजारी उभ्या माणसाच्या गालालाही लागतात. आणि फार कमी असेल तर? ३६ मिमी लांबीची पोलादी चरखी ६० अंशांनी तापली तर सुमारे ०.०२५ मिमी लांबते. वर दारूची काजळी साचते. ०.०५ ची देखणी फट पाच-सहा बार झाले की अडकते. म्हणजे इथे डोळ्याला जे सुबक वाटतं तेच चुकीचं आहे.

तुम्ही स्कूटरवाल्या मेकॅनिककडून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा) आणलंत आणि चरखी मागे दाबून धरून सहाही घरांचं माप घेतलंत : ०.१५, ०.१५, ०.१८, ०.२०, ०.२०, ०.१८. (०.१८ साठी ०.१५ आणि ०.०३ ची दोन पाती जोडलीत, तेही ठीक. दोन पात्यांमध्ये तेल राहू देऊ नका, आणि पातं ढकलायचं नाही, ते आपण होऊन सरकलं पाहिजे.) हे आकडे वाचताना मला फार आनंद झाला, कारण त्यांत एक लय आहे. हळू चढतात, हळू उतरतात. चरखीचं तोंड तिच्या आसाशी पूर्ण काटकोनात नाही, ०.०५ मिमीने झुकलं आहे, एवढाच याचा अर्थ. पाच आकडे सारखे आणि एकच उसळलेला असता तर मी कचरा किंवा बर (कापताना राहिलेली धातूची कोर) शोधायला सांगितलं असतं. मग तुम्ही चरखी पुढे दाबून पहिलं घर पुन्हा मोजलंत, ०.१० आलं. म्हणजे मागे-पुढे खेळ ०.०५ मिमी, दोन थाऊ. एक ते तीन थाऊ चांगलाच म्हणायचा. तेव्हा फट पास.

चरखी बोटांनी बाजूला हलते, ही तुमची पाचवी तक्रार. ती चाप सोडलेला असताना तपासून उपयोग नाही. रिकामं हत्यार, घोडा हळूच खाली आणलेला, चाप मागे दाबून धरलेला, अशा स्थितीत हलवून बघायचं, कारण बार उडताना हीच स्थिती असते. तुमच्याकडे तेव्हाही केसभर हलते. हलू द्या. नळीचं मागचं तोंड नरसाळ्यासारखं पसरट असतं. गोळी घरातून उडी मारून नळीत शिरताना चरखीला स्वतःच्या रेषेत ओढून घेते, आणि त्यासाठी तिला तेवढी मोकळीक हवी. जराही न हलणारी चरखी तेव्हाच चांगली, जेव्हा सहाही घरं नळीच्या बरोबर रेषेत कोरलेली असतात. तसं नसताना घट्ट बसवलेली चरखी वाईट, कारण तिला चूक सुधारायला वावच राहत नाही.

इथवर तुमच्या पाचही तक्रारी दिसण्याच्या किंवा मुभेतल्या ठरल्या. पण मी सांगितलेल्या सहाव्या तपासणीत तुम्ही जे लिहिलंत, त्यासाठी तुम्ही दुकानात परत गेलंच पाहिजे.

ती तपासणी अशी. चरखीवर एका घरापाशी चिकटपट्टीचा तुकडा लावून ते पहिलं धरायचं. एका बोटाने चरखीला अगदी हलका अटकाव करायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घोडा सावकाश, अगदी सावकाश मागे न्यायचा. घोडा वर अडकण्याआधी किंवा त्याच क्षणी खालची खुंटी खाचेत बसल्याचा आवाज यायला हवा. सहाही घरांना. तुम्ही लिहिलंत, पाच घरांना येतो, चौथ्याला येत नाही, घोडा वर जाऊन थांबतो आणि चरखी अजून थोडी अलीकडे असते, बोटाने ढकलली की मग 'टिक'. तीनदा करून बघितलंत, तिन्ही वेळा चौथंच.

हा दोष आहे. चाप झटकन ओढला तर चरखी स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन बसते, म्हणून दुकानात हे कुणाच्या लक्षात आलं नसेल. पण घोडा हाताने सावकाश चढवून बार केला तर ते घर नळीच्या नीट समोर नसताना घोडा पडू शकतो. गोळी कडेला खरवडली जाते, शिसं उडतं, आणि फरक मोठा असला तर नळीच्या मागच्या तोंडाला तडा जाण्यापर्यंत जातं. हे दुरुस्त होईपर्यंत त्यातून एकही बार करू नका.

कारणही ऐका, म्हणजे दुरुस्ती करणारा काय करतो आहे ते तुम्हाला कळेल. चरखीच्या पाठीवर सहा दात्यांचं चक्र असतं. घोड्याबरोबर वर येणारा एक पोलादी तुकडा एकेक दाता ढकलतो, आमच्या दुकानात त्याला 'बोट' म्हणायचे. सहाही घरं उशिरा बसत असती तर बोट आखूड. एकच उशिरा बसतं, म्हणजे बोट ठीक आहे आणि चौथ्या घराचा दाता जास्त कापला गेला आहे. कापलेलं पोलाद परत येत नाही. म्हणून कसबी माणूस किंचित लांब बोट बसवतो, चौथं घर बरोबर आणतो, आणि मग उरलेले पाच दाते एकेक करून, काजळ धरून, लागतील तेवढेच उतरवतो. वडील तेलाच्या दिव्यावर दाता काळा करत, एकदा फिरवत, आणि चकाकलेला ठिपका जिथे दिसेल तिथेच कानशीचा एक हात मारत. सहा दात्यांना अर्धा दिवस. घाईत दुसरा मार्ग म्हणजे चक्र किंवा आख्खी चरखीच बदलणं. मात्र चरखी बदलली तर वरचे सहाही आकडे पुन्हा मोजून घ्या. बिजागरी, नळी, सांगाडा, चरखी, दात्यांचं चक्र, अशा पाच भागांना प्रत्येकी ०.०३ मिमीची मुभा दिली आणि सगळ्या एकाच बाजूला पडल्या तर ०.१५ ची तफावत होते. अशा जुळणीत एखादी जागा शेवटी हाताने बसवण्यासाठी ठेवलेली असते, म्हणून एकाची चरखी दुसऱ्यात बसते पण जुळत नाही.

दुकानदाराला लेखी द्या. लाकूड, रंग, पायरी यांचा उल्लेखही करू नका, नाहीतर तो त्यावरच बोलत राहील. एवढंच लिहा : "घोडा सावकाश चढवला असता चौथ्या घराला चरखी खाचेत बसत नाही, तीन वेळा तपासले." तारीख, हत्यारावरचा नंबर, आणि पोच घ्या. ओळखीच्या लेथवाल्याकडे मुळीच नेऊ नका, तो कितीही कसबी असला तरी. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि अडचणीत तुम्हीही याल, तोही येईल.

प्रश्न : सासऱ्यांचं जुनं मोडून उघडणारं रिव्हॉल्व्हर यजमानांच्या नावावर आलं आहे. ठिकठिकाणी रंग उडून पांढरं पडलंय. पुन्हा पॉलिश करून काळं करून घ्यावं का? (एक वाचक भगिनी, दौलतगंज)

उत्तर : ताई, नका करून घेऊ.

मी चौदा वर्षांची असताना वडील दोन दिवस गावाला गेले होते. दुकान बंद, पण चावी घरात. एका गिऱ्हाइकाचं रिव्हॉल्व्हर रंगासाठी सुटं करून ठेवलेलं होतं, त्याचे भाग मी बफच्या, म्हणजे पॉलिश करायच्या, चाकावर धरले. वडील परततील तेव्हा काम झालेलं असेल, एवढाच विचार मनात होता. आरशासारखं चकाकलं. वडिलांनी आल्यावर ते खिडकीपाशी नेलं, तिरपं धरलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला जवळ बोलावून दाखवलं : कोरलेली अक्षरं कडांना वितळल्यासारखी झाली होती, स्क्रूच्या भोकांभोवती बश्या पडल्या होत्या, सपाट बाजूवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ न दिसता लाटांसारखं दिसत होतं. आणि चरखीच्या खाचांच्या कडा गोल झाल्या होत्या, ते सर्वांत वाईट. गिऱ्हाइकाला त्यांनी चरखी स्वतःच्या पैशांनी बदलून दिली. माझ्यावर ओरडले नाहीत. त्यानंतर वर्षभर मला बफला हात लावू दिला नाही, फक्त तेलाच्या दगडावर सपाट घासायला बसवलं. आजही कुठलंही पॉलिश केलेलं यंत्र पाहिलं की मी आधी अक्षरं, भोकं आणि प्रतिबिंब बघते. जुनं हत्यार विकत घेणाऱ्यांनीही हेच तीन बघावेत. काळा रंग कोरा करकरीत आणि अक्षरं पुसट, असं दिसलं की खाली काय घासून काढलंय ते विचारा.

तुमच्या सासऱ्यांच्या हत्यारावरचे पांढरे भाग त्यांच्या हाताने, म्यानाने झिजलेले आहेत. ते राहू द्या. लाल गंज असेल तर परवान्याच्या दुकानात तेल आणि अगदी बारीक स्टील वूलने काढून घ्या, पोलादाला धक्का न लावता. नळी आणि घरं आतून बघून घ्यायला सांगा, खड्डे आत असतील तरच चिंता. आणि निवडणुकीच्या वेळी हत्यार जमा करायची वेळ आली की आधी तेलाचं कापड फिरवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पोचपावतीवर नंबर तपासून घ्या.

प्रश्न : आम्हाला शिकवलं की टॉलरन्स (मापातली मुभा) जितका कमी तितका माल चांगला. मग सरळ शून्यच का ठेवत नाहीत? (आयटीआय विद्यार्थी, हजीरा)

उत्तर : शून्य मापता येत नाही म्हणून, आणि मापता आलं असतं तरी चाललं नसतं म्हणून. तुमच्या वहीत आयएस ९१९ चं, म्हणजे मुभांच्या भारतीय मानकाचं, कोष्टक असेल, ते उघडा. २० मिमीचं भोक, मुभेचा वर्ग एच ७ : शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात फिरणारा २० मिमीचा दांडा जी ६ : उणे ७ ते उणे २० मायक्रॉन. सर्वांत घट्ट जोडी जुळली तर ७ मायक्रॉनची जागा उरते, सर्वांत सैल जुळली तर ४१. टॉलरन्स म्हणजे प्रत्येक भागाला दिलेली चुकण्याची मुभा. पण उणे ७ पासून सुरुवात केली आहे ना, ती चूक नाही, ती मुद्दाम ठेवलेली जागा आहे, तेलासाठी, उष्णतेसाठी, धुळीसाठी. वरच्या पत्रातली चरखी आणि नळी यांच्यातली फट तीच. पुष्कळ मुलं या दोन गोष्टी एकाच नावाने लिहितात आणि तिथेच मार्क जातात.

तुमच्या प्रयोगशाळेत स्लिप गेजची, म्हणजे अचूक मापाच्या ठोकळ्यांची, पेटी असेल. स्वीडनमधल्या एस्किल्स्टुना इथल्या शस्त्र कारखान्यात योहान्सन नावाच्या तपासनीसाला १८९६ मध्ये ती कल्पना सुचली. रायफलींच्या शेकडो मापांसाठी शेकडो वेगळे गेज बनवण्यापेक्षा १०२ ठोकळ्यांची एक पेटी, आणि ठोकळे जोडून हजारो मापं. दोन ठोकळे स्वच्छ पुसून, एकमेकांवर आडवे ठेवून दाबत फिरवा, ते गोंदाशिवाय चिकटतात. माझ्या ३१ वर्षांत प्रत्येक वर्गाला मी पहिल्या दिवशी हे करून दाखवलं. तुमच्या सरांना पेटी उघडायला सांगा. आणि ठोकळ्यांना उघड्या बोटांनी हात लावू नका, आधी हातमोजे घाला, कारण घामाचा ठसा दुसऱ्या दिवशी गंज होऊन दिसतो.